हिंदीतला ‘समाज’ मराठीत आणताना

धरमपेठकर : एका हिंदी पत्रकाचं मराठी करायचं आहे. त्यात ‘आर्य समाज’, ‘अग्रवाल समाज’ आणि ‘समाज गायन’ असे तिन्ही आले आहेत. सगळीकडे ‘समाज’च ठेवायचा का? आणि मूळ शब्द कुठला?

इतवारीकर : सम् + अज्. अज् म्हणजे हाकणं, चालवणं. पाणिनीनं (३.३.६९) इथे फार सुंदर भेद केला आहे: जनावरांचा कळप तो ‘समज’, माणसांचा जमाव तो ‘समाज’. अमरकोशातही हाच भेद आहे. फरक एका कान्याचा! म्हणजे मूळ अर्थ जमणं, मेळा. अशोकाच्या गिरनारच्या पहिल्या लेखात ‘समाज’ भरवू नये असं आहे, तिथे उत्सवाची गर्दी अभिप्रेत आहे. आजचा अर्थ लावला तर वाक्य हास्यास्पद होतं. नाट्यशास्त्रात ‘सामाजिक’ म्हणजे प्रेक्षक, तोही याच मुळाचा. सभासद असलेली धर्मसुधारक संस्था हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला: प्रार्थना समाज १८६७, आर्य समाज १८७५, दोन्ही मुंबईत.

धरमपेठकर : मग संस्थेसाठी ‘संघ’ लिहिलं तर?

इतवारीकर : नको जी. नागपुरात तर मुळीच नको. इथे नुसतं ‘संघ’ म्हटलं की कुणाला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची रेशीमबाग आठवते, तर कुणाला दीक्षाभूमीवरचं ‘संघं सरणं गच्छामि’. (पालीत ‘सरणं’च, ‘शरणं’ करू नये.) ‘आर्य समाज’ हे विशेषनाम आहे, जसंच्या तसं ठेवा.

महालवासी : ‘अग्रवाल समाज’ इथे मात्र जपून. हिंदीत ‘समाज के लोग’ म्हणजे समाजबांधव, तिथे अडचण नाही. पण ‘समाज के अध्यक्ष’ आलं की फसगत होते. जातीला अध्यक्ष नसतो, मंडळाला असतो. पत्रकाच्या शीर्षावरचं नोंदणीकृत नाव बघा आणि तेच लिहा.

इतवारीकर : ‘समाज गायन’ ही तर ब्रजमधल्या वैष्णव मंदिरांची गायनपद्धती. मुखिया ओळ म्हणतो, बाकीचे ‘झेला’ ती उचलतात. इथे जुना ‘जमणं’ हाच अर्थ शिल्लक आहे. ‘सामूहिक गायन’ केलंत तर परंपराच पुसली जाईल. शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला अर्धी ओळ खुलासा द्या. आणि पत्रकात ‘समाजी’ भेटला तर संदर्भ पाहा: आर्य समाजाचा अनुयायी तो आर्यसमाजी, वृंदावनातला समाजी मात्र गवई.