शब्दचर्चा : ‘भरलेला हिवाळी स्क्वॉश’ की ‘भरला भोपळा’?

प्रश्न

आम्ही बरीच वर्षे अमेरिकेत राहतो. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगला, आमच्याकडे काही मराठी कुटुंबे जेवायला जमतात. त्यांतली निम्मी शाकाहारी असल्यामुळे टर्कीच्या बरोबरीने आम्ही विंटर स्क्वॉश आतून पोखरून, त्यात भात, सुकामेवा आणि भाज्या भरून, ओव्हनमध्ये भाजून मांडतो. यंदा मंडळाच्या अंकासाठी ही कृती मराठीत लिहायला बसले आणि शीर्षकापाशीच अडले. ‘हिवाळी स्क्वॉश’ म्हणावे की ‘भोपळा’? ‘भरलेला’ लिहावे की ‘भरला’? आत घालतो ते सारण की मसाला? आणि ‘व्हेजिटेरियन हॉलिडे मेन डिश’ हे चार शब्द मराठीत कसे आणावेत? जाणकारांनी सांगावे.

उत्तर

आधी फळाच्या नावाचे पाहू, कारण बाकीच्या शंका त्यालाच चिकटलेल्या आहेत. ‘स्क्वॉश’ हा शब्द मराठीला परका नाही, पण तो आपल्याकडे दुसऱ्याच अर्थाने रुळला आहे. संत्र्याचा किंवा लिंबाचा स्क्वॉश म्हणजे पाणी घालून प्यायचा दाट, गोड रस; आणि दुसरा स्क्वॉश म्हणजे बंद खोलीत भिंतीवर चेंडू मारून खेळायचा खेळ. ‘भरलेला स्क्वॉश’ असे शीर्षक वाचून सोलापूरच्या किंवा साताऱ्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे सरबताची बाटली उभी राहिली, तर त्यात त्याचा काही दोष नाही. सरबताचा आणि खेळाचा शब्द चेंगरणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरून आला आहे. फळाचा शब्द मात्र मुळात इंग्रजी नव्हेच. तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॅरागॅन्सेट लोकांचा आहे. रॉजर विल्यम्स यांनी १६४३ साली त्या भाषेवर जे पुस्तक छापले, त्यात ‘अस्कुटास्क्वॉश’ असा तो नोंदलेला असून, इंग्रज लोक त्यावरूनच ‘स्क्वॉश’ म्हणतात, असेही तिथे म्हटले आहे. त्या मूळ शब्दाचा अर्थ ‘कच्चे खातात ते’ असा लावला जातो. आज तोच शब्द जाड सालीच्या, शिजवल्याशिवाय तोंडात न जाणाऱ्या फळाला लागतो, इतका तो मूळ अर्थापासून लांब गेला आहे.

आता ‘हिवाळी’. हे विशेषण इथे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत हिवाळी म्हणजे हिवाळ्यात होणारे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन हिवाळ्यात भरते म्हणून हिवाळी. विंटर स्क्वॉश हिवाळ्यात पिकत नाही. त्याचा वेल उन्हाळ्यात वाढतो, साल नखाने टोचली जाणार नाही इतकी टणक झाली की शरद ऋतूत फळ तोडतात, आणि मग ते थंड, कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकते. त्याच्या नावातला हिवाळा पिकण्याचा नसून पुरण्याचा आहे. कोवळ्या सालीचे, लगेच संपवावे लागणारे ते समर स्क्वॉश, झुकिनी त्यांतलीच. हा भेद मराठीत दाखवायचाच असेल, तर त्यासाठी ‘साठवणीचा’ हा शब्द आपल्या घरात तयार आहे. साठवणीची लोणची, साठवणीचे पापड, तसा साठवणीचा भोपळा. माळ्यावर किंवा शिंक्यात भोपळा ठेवून पुढचे काही महिने त्यावर भागवणाऱ्या घरांना हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आणि नाव भोपळाच असावे. याचे कारण सोयीचे नाही, इतिहासाचे आहे. आपल्याकडचा प्राचीन भोपळा म्हणजे दुधीच्या जातीचा, ज्याची साल वाळून लाकडासारखी होते तो. तंबोऱ्याचा भोपळा तोच. मिरजेच्या वाद्यकारागिरांकडे तो पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या बाजूने येत आला आहे. पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकायचे तो भोपळाही तोच. लाल भोपळा मागाहून आला. विंटर स्क्वॉशमधले एकॉर्न, बटरनट, काबोचा हे प्रकार आणि आपला लाल भोपळा ही सगळी अमेरिका खंडातल्या एकाच प्रजातिगटाची फळे आहेत, आणि कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच ती समुद्रापलीकडे पसरली. बटरनट तर लाल भोपळ्याचा अगदी सख्ख्या नात्यातला आहे. मराठीने त्या पाहुण्यासाठी नवा शब्द घडवला नाही. जुना ‘भोपळा’ त्याला दिला आणि पुढे ‘लाल’ किंवा ‘तांबडा’ असे विशेषण जोडले. तीच रीत पुढे चालवावी आणि बटरनट भोपळा, एकॉर्न भोपळा, काबोचा भोपळा असे लिहावे. एकॉर्नचे ‘ओकफळी’ वगैरे करू नये. ते वाचून बाजारात कोणालाही काही मिळणार नाही.

काशीफळ, गंगाफळ, डांगर ही नावे मला प्रिय आहेत आणि ती जगावीत, असे मनापासून वाटते. परंतु अंक सगळ्यांसाठी आहे. डांगर म्हटल्यावर खानदेशातल्या वाचकाला भोपळा दिसेल, तर पुण्याच्या वाचकाला उडदाच्या पिठात कांदा आणि ताक कालवून केलेले तोंडीलावणे आठवेल. कोकणी बोलणाऱ्या घरात लाल भोपळा म्हणजे दुदी, आणि घाटावर दुधी हे निराळ्याच भाजीचे नाव आहे. म्हणून शीर्षकात भोपळा ठेवावा आणि बाकीची नावे कृतीच्या पहिल्या परिच्छेदात एकदा सांगावीत.

‘भरला’ की ‘भरलेला’ ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत मोलाची शंका आहे. मराठीत दोन्ही रूपे शुद्ध आहेत, पण त्यांची कामे वेगळी आहेत. ‘भरलेला’ हे कोणीतरी केलेली क्रिया सांगते: पाण्याने भरलेली बादली, कागदांनी भरलेले कपाट. ‘भरला’ हे रूप त्या वस्तूचा गुणच होऊन बसते: भरले घर, भरली घागर, भरल्या पोटी, भरल्या डोळ्यांनी. पदार्थांची नावे पाहा, म्हणजे स्वयंपाकघराने यांतले कोणते रूप निवडले ते लगेच कळेल. भरली वांगी, भरली कारली, भरली भेंडी, भरले पापलेट, आणि याच वळणाची वाटली डाळ. ‘वाटलेली डाळ’ ही वड्यांसाठी पातेल्यात काढून ठेवलेली असते. ‘वाटली डाळ’ ही गणपतीच्या विसर्जनाला हातावर खिरापत म्हणून मिळते. एका अक्षराने डाळीचा पदार्थ झाला. त्याच न्यायाने ‘भरलेला भोपळा’ ही कृतीतली एक पायरी आहे (‘भरलेला भोपळा पुन्हा ओव्हनमध्ये ठेवावा’), आणि ‘भरला भोपळा’ हे पदार्थाचे नाव आहे. अनेकवचनी ‘भरले भोपळे’.

एक गोष्ट मान्य करायला हवी. भरला भोपळा हा आपल्या परंपरेतला पदार्थ नव्हे. आपण भोपळ्याच्या फोडी करतो, मेथीदाण्याच्या फोडणीची भाजी करतो, उकडून दह्यात भरीत करतो, किसून गुळाबरोबर घारगे करतो, ऋषिपंचमीच्या भाजीत घालतो. भरतो ते कढईत मावणारे, झाकणाखाली वाफेवर शिजणारे लहान जिन्नस. अख्खा भोपळा भरायचा, तर त्याला चारी बाजूंनी सारखी आच देणारी भट्टी हवी, आणि ती मराठी चुलीपाशी नव्हती. पण भाषेने मात्र वाट आधीच करून ठेवलेली दिसते. ढोबळी मिरचीला आपण भोपळी मिरचीही म्हणतो, ती भोपळ्यासारखी फुगीर आणि पोकळ असते म्हणून; आणि भरली भोपळी मिरची तर घरोघरी होते. शिवाय भोपळा मराठी मनात कायम पात्रच राहिला आहे: त्यात नाद भरतो, हवा भरते, आणि लेकीकडून गुबगुबीत होऊन परतणारी गोष्टीतली म्हातारीसुद्धा त्यात बसते. त्यात भात भरणे हे शब्दाच्या अंगाने परके वाटत नाही.

तुम्ही ‘आतून पोखरून’ लिहिले आहे, ते बदलावे. पोखरतात ते किडे, उंदीर आणि वाळवी. त्या शब्दाला नासाडीचा वास आहे. भोपळा ‘कोरतात’. एकॉर्न भोपळा उभा दुभागताना सुरी देठावर न धरता देठाच्या शेजारून, खोबणीत धरावी, कारण देठ लाकडासारखा असतो आणि पाते त्यावरून घसरते. मग धारदार कडेच्या चमच्याने बिया आणि तंतू खरवडून काढावेत. आतला खायचा भाग तो ‘गर’, बियांच्या आतला तो ‘मगज’; हे दोन शब्द कृतीत एकमेकांच्या जागी पडू देऊ नयेत. कापलेल्या बाजूला तेल-मीठ चोळून, ती बाजू खाली करून, सुमारे २०० अंश सेल्सियसवर पाऊण तास ‘भाजावा’. ‘बेक करावा’ लिहिले तरी कोणी अडणार नाही, परंतु पाव, नानकटाई आणि बिस्किटे मराठीत भट्टीत भाजलीच जातात, तेव्हा नेमका शब्द हाताशी आहे. गर सुरीने सहज टोचला जाऊ लागला आणि कडा तपकिरी झाल्या की वाटी उलटून सारण भरावे आणि आणखी पंधरा-वीस मिनिटे ठेवावे.

सारणच म्हणावे. मसाला हा वांग्याच्या चार चिरांत दाबून बसवण्याइतका असतो, त्याने वांग्याला चव येते. सारण हे स्वतः खाण्याजोगे, बाहेरच्या आवरणाच्या तोडीस तोड असते. सारण गोडच असते, असा समज मोदक आणि करंजीमुळे झाला आहे, पण विदर्भातल्या सांबारवडीत कोथिंबिरीचे तिखट सारणच असते. पुरणाचा मूळ अर्थही भरणे असाच आहे, मात्र तो शब्द आता हरभऱ्याच्या डाळीला वाहिला गेला आहे, त्याला तिथेच राहू द्यावे. तुमच्या सारणात ‘वाइल्ड राइस’ असेल, तर त्याला ‘जंगली तांदूळ’ म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे की ते भाताचे दाणे नव्हेत. ते उथळ तळ्यांत उगवणाऱ्या एका निराळ्या गवताचे बी आहे, आणि मिनेसोटाच्या तळ्यांवर होड्यांतून ते गोळा करणारे ओजिब्वे लोक त्याला ‘मनोमिन’ म्हणतात. मी कृतीत मनोमिन लिहीन आणि पुढे एका वाक्यात ते काय आहे, हे सांगेन.

राहिले ‘मेन डिश’. आपल्या पानाची मांडणीच वेगळी आहे: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये वरणभाताची मूद. कोणी मुख्य नाही, प्रत्येकाची जागा ठरलेली. तिकडच्या सणाच्या मेजावर मात्र टर्की मधोमध असते, घरातले कोणी वडीलधारे ती सर्वांसमोर कापते, आणि बाकीचे सगळे तिच्या ‘बाजूचे’ पदार्थ ठरतात. शाकाहारी पाहुण्याला मग बाजूच्या पदार्थांवरच पोट भरावे लागते. त्याचे पोट भरते, पण त्याच्यासाठी मध्यभागी काही ठेवलेले नसते. ही उणीव भरून काढणे हेच या पदार्थाचे काम आहे, म्हणून ‘मुख्य पदार्थ’ हे बरोबर असले तरी कोरडे आहे. ‘पक्वान्न’ चालणार नाही, ते गोडाकडे झुकते. मी ‘मानाचा पदार्थ’ सुचवतो. मानाचा गणपती, मानाचे पान, मानाची पालखी. ज्याला पहिले स्थान द्यायचे त्याच्यासाठी मराठीत हाच शब्द आहे. ‘हॉलिडे’चे ‘सुट्टी’ करू नये. तिथे ‘सणाचा’ हवे. शीर्षक असे होईल: ‘भरला भोपळा : सणाच्या जेवणातला मानाचा शाकाहारी पदार्थ’.

आणखी एक विचारणा

मी मूळची यवतमाळची. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळंच म्हणतात. ‘भरलं कोहळं’ म्हटले तर चालेल का, की तो प्रमाण मराठीत चुकीचा शब्द ठरेल?

उत्तर

विदर्भात तो शंभर टक्के बरोबर शब्द आहे आणि ताई, तुम्ही तुमच्या घरी तो बदलू नये. पश्चिम महाराष्ट्रात मात्र कोहळा म्हणजे बाहेरून पांढरी पूड असलेले, आत पांढऱ्या गराचे फळ, ज्याचा आग्र्याकडे पेठा करतात आणि जे दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतात. शब्द संस्कृत ‘कूष्मांड’वरून आला. दोन्ही फळे वेगळी असल्यामुळे अंकात ‘भोपळा’ लिहून कंसात ‘विदर्भात कोहळं’ अशी टीप दिली, तर कोणाचाच गोंधळ होणार नाही.

तुमच्या शब्दाने मला एक जुनी गोष्ट आठवली, ती या चर्चेत नोंदवावीशी वाटते. आमची आजी अख्ख्या कोहळ्याला स्वतः सुरी लावत नसे. घरातल्या पुरुषाने पहिला घाव घालायचा, मग उरलेल्या फोडी ती विळीवर करायची. ही चाल अनेक घरांत होती, आणि तिचे मूळ असे की, नवरात्रात जिथे पशूचा बळी द्यायचा नाही, तिथे त्याच्या जागी कोहळा कापतात. कोहळा ‘चिरत’ नाहीत, ‘फोडतात’ किंवा ‘कापतात’, हा क्रियापदातला फरकही बहुधा त्याच भावनेतून टिकला असावा. म्हणजे सणाच्या दिवशी जनावराच्या जागी हे फळ मधोमध ठेवणे आपल्याला नवे नाही. देवघरापुढे त्याला तो मान पूर्वीच मिळालेला होता. पहिला प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी तो आता जेवणाच्या मेजावर दिला आहे. म्हणूनच ‘मानाचा’ हा शब्द मला इथे नुसता शोभेचा वाटत नाही, आणि कृतीच्या शेवटच्या ओळीत ‘भोपळा चिरून वाढावा’ असे न लिहिता ‘भोपळा सर्वांसमोर कापून वाढावा’ असे लिहावे, एवढी एक दुरुस्ती मी आधीच्या उत्तराला जोडतो.