मदत हवी आहे: मुलीचा आवाज जाड आहे, ब्लूज-सोल (अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गायनशैली) कुठे शिकता येईल?

मंडळी, लेक सतरा वर्षांची. क्लासमध्ये काळी चारमध्ये (पेटीवरची उंच पट्टी) गायला लावतात, तिथे तिचा गळा चिरतो. खालच्या पांढरी तीनला बसवलं की आवाज असा खुलतो की शेजारच्या काकू विचारतात, "कोण पाहुणे आलेत?" ती रडकुंडीला आलीय.

परवा तिला अमेरिकन गायिका नीना सिमोन ऐकवली. इतका खालचा, भरड आवाज की बाईचा की पुरुषाचा, क्षणभर कळत नाही. १९३३ साली नॉर्थ कॅरोलिनात जन्म. व्हायचं होतं पियानोवादक, पण अटलांटिक सिटीतल्या बारमालकाने गायलाही सांगितलं, म्हणून गायली! गंमत (की चीड?) म्हणजे १९५८च्या सुमारास रेकॉर्ड केलेलं 'माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी' एका अत्तराच्या जाहिरातीत वाजलं आणि १९८७ साली ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. हे गाणं ज्यात होतं त्या पहिल्या अल्बमचे हक्क तिने कधीच विकून टाकले होते. शेवटची वर्षं फ्रान्समध्ये काढली, २००३ साली तिथेच गेली.

तर विचारायचं ते असं: खालच्या पट्टीतल्या मुलीला ब्लूज-सोल शिकवणारं पुण्यात किंवा ऑनलाइन कुणी माहीत आहे का? स्वर वर खेचायला न लावणारं हवं. आणि नीनाचं १९७६चं माँत्रोच्या (स्वित्झर्लंड) जॅझ महोत्सवातलं रेकॉर्डिंग ऐकलंय, त्यानंतर काय ऐकवू? "गंगूबाई हनगल ऐकव" हे सगळ्यांनी सांगून झालंय, त्या रोज लागतातच घरात.