गर्भवतीला फाशी ‘होऊ शकते’ का? सुनावणे, तहकूब करणे, सौम्य करणे

प्रश्न

‘आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार गर्भवती स्त्रीला फाशी होऊ शकत नाही’ असं वाक्य मराठीत सर्रास वाचायला मिळतं. यातल्या ‘होऊ शकत नाही’चा अर्थ काय घ्यायचा? न्यायालय शिक्षा सुनावूच शकत नाही, की सुनावली तरी अमलात आणता येत नाही, की बाळंत होईपर्यंत थांबायचं आणि मग द्यायची? बातम्यांमध्ये ‘फाशी टळली’, ‘रद्द झाली’, ‘तहकूब झाली’, ‘जन्मठेपेत बदलली’ असं काहीही लिहिलेलं असतं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

प्रतिसाद

मुळीच चालत नाहीत. एका बाईचं मरण त्या क्रियापदावर ठरतं, त्यामुळे इथे काटेकोर राहायलाच हवं.

नागरी आणि राजकीय हक्कांचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार घ्या. भारत त्यात १९७९ साली सामील झाला. त्याच्या सहाव्या अनुच्छेदातल्या पाचव्या परिच्छेदात एकाच वाक्यात दोन क्रियापदं आहेत. गुन्ह्याच्या वेळी जो अठरा वर्षांखालचा होता, त्याला मृत्युदंड ‘ठोठावू’ नये. गर्भवतीच्या बाबतीत मात्र तो ‘अमलात आणू’ नये. पहिल्यात शिक्षा सुनावण्यावरच बंदी आहे, दुसऱ्यात अंमलबजावणीवर. मराठी सारांशात दोघांनाही ‘फाशी देता येत नाही’ एवढंच लिहिलं की हा फरक पार पुसला जातो. वाचणाऱ्याला वाटतं दोघांनाही सारखंच संरक्षण आहे. तसं नाही.

प्रतिसाद

भारतापुरतं बोलायचं तर हाच फरक आपल्या कायद्यात डोळ्यांदेखत बदलला आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३८२ होतं, १९७३ च्या संहितेत ते ४१६ झालं. ४१६ ची मूळ भाषा अशी, की मृत्युदंड झालेली स्त्री गर्भवती असल्याचं आढळलं तर उच्च न्यायालयाने अंमलबजावणी पुढे ढकलायचा आदेश ‘द्यावा’, आणि योग्य वाटल्यास शिक्षा सौम्य करून जन्मठेप ‘देऊ शकेल’. म्हणजे सक्ती होती ती फक्त तहकुबीची. बाई वाचणार की बाळंतपणानंतर फासावर जाणार, हे न्यायालयाच्या मर्जीवर होतं.

२००८ च्या दुरुस्ती कायद्याने, म्हणजे प्रत्यक्षात ३१ डिसेंबर २००९ पासून, मधला ‘पुढे ढकलावी आणि योग्य वाटल्यास’ हा सगळा तुकडाच गाळला. उरलं एवढंच : उच्च न्यायालयाने शिक्षा सौम्य करून जन्मठेप द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४५६ आहे. मूळ ४१६ चं शीर्षक तहकुबीचं होतं, ४५६ चं शीर्षक शिक्षा सौम्य करण्याचं आहे. कायद्यात इतक्या थोड्या शब्दांची काटछाट करून इतकं मोठं काम झाल्याची उदाहरणं फार नसतील.

तेव्हा आजच्या भारतीय कायद्याबद्दल ‘तहकूब’ लिहिणं सरळ चूक आहे. आणि ‘सुनावता येत नाही’ हेही चूक, कारण कलमाची सुरुवातच ‘मृत्युदंड झालेली स्त्री’ अशी आहे. सत्र न्यायालय शिक्षा सुनावू शकतं. पण ती उच्च न्यायालयाने ‘कायम’ केल्याशिवाय अमलात येत नाही, आणि ती स्त्री गर्भवती असल्याचं आढळलं तर उच्च न्यायालयाला जन्मठेपेवाचून दुसरा पर्याय राहत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

मग ‘फाशी टळली’ चालेल ना?

प्रतिसाद

‘टळणे’ फसवं आहे. गाडीखाली येता येता वाचलो तरी मरण टळतं आणि सुनावणी पुढच्या तारखेवर गेली तरी संकट टळतं. आजचं टळलं की कायमचं, हे त्या शब्दात नाही. ‘रद्द’ त्याहून वाईट. वाचणाऱ्याला वाटतं बाई सुटली. दोषसिद्धी तशीच असते, फक्त शिक्षेचा प्रकार बदलतो. ‘माफ’ हा तर वेगळाच अधिकार, राष्ट्रपती आणि राज्यपालांचा. ‘मृत्युदंड सौम्य करून जन्मठेप दिली’ हे लांबलचक वाटलं तरी तेच बरोबर.

प्रतिसाद

तहकुबीचा इतिहास फार जुना आहे, आणि माझ्या मते फार क्रूर. गर्भवतीची शिक्षा बाळंत होईपर्यंत थांबवावी, हे रोमन कायदेपंडित उल्पियनने लिहून ठेवलं आहे. इंग्लंडमध्ये शिक्षा झालेली बाई आपल्या पोटाचा दाखला देऊन मुदत मागू शकत असे. मग प्रौढ, अनुभवी बायकांचं पंचमंडळ तिला तपासायचं. नुसते दिवस गेलेत एवढं पुरत नसे, पोटात गर्भाची हालचाल जाणवायला हवी. ती जाणवली तर प्रसूतीपर्यंत जीवदान. १७२० मध्ये जमैकात समुद्री चाचेगिरीसाठी मृत्युदंड झालेल्या मेरी रीड आणि ॲन बॉनी यांनी हाच आधार घेतला. मेरी पुढच्या वर्षी तुरुंगातच वारली. ही पद्धत १९३१ च्या कायद्याने संपली आणि गर्भवतीला मृत्युदंडाऐवजी जन्मभराची सक्तमजुरी आली. तिथे मृत्युदंड उच्चारलाच जात नसे, म्हणजे त्या कायद्यापुरतं ‘सुनावता येत नाही’ हे अगदी बरोबर.

आपल्याकडे गरोदर बाईला ‘दोन जिवांची’ म्हणतात. तहकुबीचा कायदा त्यातला एकच जीव मोजतो. मूल बाहेर आलं की आईशी त्याचं काही देणंघेणं नाही. नऊ महिने पोटातल्या हालचालीबरोबर आपले दिवस मोजायला लावणं, आणि जन्माला आलेल्या बाळाला लगेच पोरकं करणं, याला दया म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिक्षा सौम्य करणारा कायदा दोन्ही जीव मोजतो.

प्रतिसाद

यांच्या मधलेही टप्पे आहेत. २००४ च्या अरब मानवाधिकार सनदेत प्रसूतीआधी आणि बाळ अंगावर पीत असेल तर जन्मापासून दोन वर्षांपर्यंत मृत्युदंड देऊ नये असं आहे. म्हणजे तहकुबीच, पण लांब. आफ्रिकेतल्या स्त्री-हक्कांच्या २००३ च्या मापुटो प्रोटोकॉलमध्ये गर्भवतीबरोबर स्तनदा मातेचाही उल्लेख येतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘गर्भवती असताना’ अंमलबजावणी नको, एवढंच म्हटलं आहे. ते ‘असताना’ अनुवादात कधीही गाळू नका, सगळा अर्थ तिथेच आहे.

चीनचं उदाहरण मला सगळ्यांत लक्षात राहण्यासारखं वाटतं. तिथे ‘खटल्याच्या वेळी गर्भवती’ असलेल्या स्त्रीला मृत्युदंड लागूच होत नाही. मग कोठडीत असताना गर्भपात झाला तर? १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कोठडीत आपोआप गर्भ पडला आणि नंतर त्याच प्रकरणात खटला उभा राहिला, तरी ती ‘खटल्याच्या वेळी गर्भवती’च धरायची. पोटात मूल उरलेलं नाही, तरी संरक्षण उरतं. म्हणजे हे संरक्षण बाईचं स्वतःचंही आहे.

मूळ प्रश्नकर्ती

खूप उलगडा झाला. शेवटचं एक : फाशी, मृत्युदंड की देहदंड?

प्रतिसाद

फाशी हा मारण्याचा प्रकार आहे. सगळ्या देशांबद्दल किंवा करारांबद्दल लिहिताना ‘मृत्युदंड’ घ्या. ‘मृत्युदंडाची शिक्षा’ म्हणू नका, दंड म्हणजेच शिक्षा. ‘देहदंड’ जुन्या लिखाणात चालतो, पण आता काहींना फटक्यांची शिक्षा वाटू शकते. तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘आंतरराष्ट्रीय करारानुसार गर्भवती स्त्रीचा मृत्युदंड अमलात आणता येत नाही, भारतात तो सौम्य करून जन्मठेप देणं उच्च न्यायालयावर बंधनकारक आहे.’