शोपेनहाउअर ते पारफिट: बौद्ध प्रभाव किती, नुसतं साम्य किती?

प्रश्न:
शोपेनहाउअर, नीत्शे, ह्यूम, पारफिट या सगळ्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांवर बुद्धाचा प्रभाव होता असं सर्रास लिहिलं जातं. प्रभाव कुठे आणि केवळ साम्य कुठे, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १:
आधी सनावळी लावा. शोपेनहाउअरचा मुख्य ग्रंथ १८१८च्या अखेरीस निघाला. तोवर युरोपात बौद्ध मताची माहिती फार तुटपुंजी, बरीचशी ब्रह्मदेशातली. हे त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. त्याच्या हाती होती ती उपनिषदं, दारा शुकोहच्या फारसी भाषांतरावरून आँकेतील द्युपेराँने केलेल्या लॅटिन अनुवादातली (१८०१-०२). म्हणजे सुरुवातीचा भारतीय धागा मुख्यतः वेदान्ताचा. बौद्ध संदर्भ वाढले ते पुढे, १८४४च्या दुसऱ्या आवृत्तीत आणि नंतर. घोळ इथेच होतो: आज छापली जाते ती १८५९ची तिसरी आवृत्ती, आणि तिच्यातली वाक्यं लोक १८१८ची समजून देतात. पहिल्या खंडाच्या शेवटच्या 'शून्य' या शब्दावरची प्रज्ञापारमितेची (बौद्धांच्या परमज्ञानाच्या कल्पनेची) टीपही मागाहून आलेली आहे.

प्रतिसाद २:
ह्यूमचं प्रकरण वेगळं. १७३५-३७ मध्ये तो फ्रान्समधल्या ला फ्लेशला राहिला. सयामला (आजच्या थायलंडला, म्हणजे बौद्ध देशात) जाऊन आलेला दोलू हा जेझुइट (कॅथलिक संघाचा धर्मगुरू) तिथल्याच मठात होता. त्यावरून मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गोपनिक यांनी २००९ मध्ये, ह्यूमला बौद्ध विचार त्याच्याकडून कळला असावा, अशी शक्यता मांडली. भेट झाली असेलही, पण 'मी म्हणजे संवेदनांचा गठ्ठा' हे त्याला तिथून मिळालं असं दाखवणारा कागद नाही. पारफिटने (१९८४) तर मेंदूविभाजनाच्या (मेंदूचे दोन अर्ध वेगळे झाले तर काय, अशा) उदाहरणांवरून 'मी' अशी वेगळी वस्तू नसते हा युक्तिवाद उभा केला आणि बुद्धाचं मत परिशिष्टात जोडलं. ते साम्य आहे, आणि त्याने ते उघडपणे मांडलंय.

प्रतिसाद ३:
प्रभाव म्हणजे सहमती, असं धरू नका. नीत्शे १८८८ मध्ये बौद्ध धर्माला ख्रिस्ती धर्मापेक्षा शंभरपट वास्तववादी म्हणतो आणि तरी दोन्हींना नाशवादी (जीवनाला नकार देणारे, 'निहिलिस्टिक') ठरवतो. शोपेनहाउअरच्या चष्म्यातून पाहिलं की निर्वाण म्हणजे निव्वळ नकार वाटू लागतं. तृष्णेचा क्षय आणि अस्तित्वाचा नाश यांतला फरक तिथे पुसट होतो.

प्रश्नकर्ता:
मग थेट, कबूल केलेला प्रभाव कुठे सापडेल?

प्रतिसाद १:
वारेला, टॉम्पसन आणि रॉश यांच्या १९९१च्या ग्रंथात. पंचस्कंध (माणूस ज्या पाच घटकांचा बनतो ते), प्रतीत्यसमुत्पाद (सगळं कारणांवर अवलंबून उपजतं हे मत), नागार्जुनाची शून्यता (कशालाच स्वतंत्र स्वभाव नाही हे मत) या बौद्ध कल्पनांना संज्ञानविज्ञानाच्या (मन कसं चालतं याच्या अभ्यासाच्या) प्रश्नांशी त्यांनी स्वतःच जोडलंय. तिथे सनावळी लावत बसायची गरज पडत नाही.