मदत हवी आहे: जर्मनीत चौथ्या लीगचा चॅम्पियन वर का जात नाही?

पेठेतला:
मंडळी, जर्मन फुटबॉलमधलं कुणी जाणकार आहे का इथं? मी मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅच बघत वाढलेला. आता लाइपझिगला असतो. आरबी लाइपझिग या इथल्या मोठ्या क्लबच्या चकाचक स्टेडियमात मन रमेना, म्हणून प्रोब्स्टहाइडातल्या जुन्या ब्रुनो प्लाखे स्टेडियमवर लोकोमोटिव्ह लाइपझिगच्या मॅचला जायला लागलो. 1987 मध्ये युरोपातल्या कप विनर्स कपची फायनल आयाक्सशी खेळलेला (0-1 हरलेला) हा क्लब. पुढं दिवाळं निघालं आणि 2004 मध्ये अगदी तळाच्या लीगपासून पुन्हा उभा राहिला.

2024-25 मध्ये ते रेगिओनाललीगा नॉर्डओस्टमध्ये, म्हणजे चौथ्या पातळीवर, पहिले आले. तरी तिसऱ्या लीगमध्ये गेले नाहीत! उत्तरेकडच्या हावेल्से क्लबशी प्लेऑफ खेळावा लागला. परतीची मॅच घरच्या मैदानावर, एक्स्ट्रा टाइम, 0-3. त्याच वर्षी ड्युसबुर्ग आणि श्वाइनफुर्ट आपापल्या लीगमध्ये पहिले आले आणि थेट वर गेले. हा काय न्याय? दरवर्षी असंच असतं का? आणि ऑफिसातला एकजण म्हणतो की खाली किती टीम जाणार हेही सीझनच्या शेवटापर्यंत नक्की नसतं. ते कसं काय?

बव्हेरियाकर:
साधं गणित आहे. चौथ्या पातळीवर रेगिओनाललीगा पाच: नॉर्ड (उत्तर), नॉर्डओस्ट (ईशान्य), वेस्ट (पश्चिम), स्यूडवेस्ट (नैर्ऋत्य) आणि बायर्न (बव्हेरिया). तिसऱ्या लीगमधून खाली येतात चार टीम, त्यामुळे वर जायच्या जागाही चारच. पाच चॅम्पियन, चार जागा.

2020-21 पासून स्यूडवेस्ट आणि वेस्टचे चॅम्पियन दरवर्षी थेट जातात. तिसरी थेट जागा बाकीच्या तिघांत आळीपाळीनं फिरते, आणि उरलेल्या दोघांत दोन मॅचचा प्लेऑफ होऊन चौथा ठरतो. 2023-24 ला पाळी नॉर्डओस्टची होती, म्हणून एनर्गी कॉटबुस आरामात गेलं. 2024-25 ला बायर्नची, म्हणून श्वाइनफुर्ट. 2025-26 ला नॉर्डची. म्हणजे तुमच्या लीगच्या वाट्याला पुन्हा प्लेऑफ, या वेळी आमच्या बायर्नच्या चॅम्पियनशी.

पेठेतला:
धन्यवाद! पण वेस्ट आणि स्यूडवेस्ट काय जावई लागून गेले?

लाल_कार्ड:
जावईच. कारण असं देतात की त्या भागांत संघटनेकडं नोंदलेल्या पुरुष टीमची संख्या जास्त, म्हणून हक्कही जास्त. मला हे पटत नाही. लीगचा दर्जा गल्लीतल्या टीम मोजून ठरत नसतो. नॉर्डओस्टमध्ये बर्लिन धरून पूर्वेकडची सहा राज्यं येतात, जुन्या पूर्व जर्मनीतले नावाजलेले क्लब तिथं अडकलेत आणि त्यांचे प्रेक्षक बघा किती येतात. बायर्नची लीग तर एकाच राज्याची!

तरी आधीपेक्षा हे बरं. 2012 ते 2018 मध्ये थेट कुणीच जायचं नाही. पाच चॅम्पियन आणि स्यूडवेस्टचा दुसरा, अशा सहा टीम, जागा फक्त तीन. वाल्डहोफ मानहाइम 2016, 2017, 2018 अशी तीन वर्षं ओळीनं प्लेऑफमध्ये हरलं. 2017 ला पेनल्टींवर, आणि 2018 ची मॅच तर प्रेक्षकांच्या गोंधळामुळं मध्येच थांबवावी लागली. शेवटी 2019 ला नियम बदलल्यावरच ते वर गेले.

बव्हेरियाकर:
लाल_कार्ड, बायर्नवर राग काढू नका. 2021 ला श्वाइनफुर्टही याच हावेल्सेकडून दोन्ही मॅच 0-1 हरलं होतं.

ऑफसाइड:
पहिला आलेला प्लेऑफ तरी खेळेलच असंही नाही. 2020 ला वेस्टमध्ये रोडिंगहाउझेन पुढं होतं, पण त्यांनी तिसऱ्या लीगच्या लायसन्ससाठी अर्जच केला नाही, म्हणून फेर्लला संधी मिळाली. प्लेऑफ कुणाशी? तुमच्याच लोकोमोटिव्हशी. 2-2 आणि 1-1, फेर्ल अवे गोलवर, म्हणजे परक्या मैदानावर जास्त गोल केले म्हणून, वर. म्हणजे लोकोमोटिव्हचे लोक एकही मॅच न हरता राहिले. लायसन्स म्हणजे पैसा, स्टेडियम, फ्लडलाइट, सगळं तपासतात. हावेल्से 2021 ला वर गेलं, तेव्हा स्वतःचं मैदान नियमात बसत नव्हतं म्हणून हानोफरच्या मोठ्या स्टेडियमात खेळायचं.

खाली जाण्याचं म्हणाल तर तुमचा ऑफिसवाला बरोबर आहे. तिसऱ्या लीगमधून उतरणारे चार क्लब आपापल्या भागाच्या रेगिओनाललीगात येतात. चारातले दोन पूर्वेकडचे निघाले की तुमची लीग फुगते, मग खालून जास्त टीम ओबरलीगात, म्हणजे पाचव्या पातळीवर, ढकलाव्या लागतात. त्यात तुमचा चॅम्पियन प्लेऑफ हरला की वरची एक जागाही मोकळी होत नाही. म्हणून तळातून दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असलेले क्लब मे महिन्यात स्वतःच्या मॅचपेक्षा तिसऱ्या लीगचं टेबलच जास्त बघतात.

पेठेतला:
म्हणजे खालचे क्लब लोकोमोटिव्ह जिंकावं म्हणून प्रार्थना करत असणार. भारीच! हे बदलणार आहे का कधी?

लाल_कार्ड:
2025 च्या सुरुवातीला नॉर्डओस्टच्या क्लबांनी मोहीम उघडलीय, घोषणा ‘माइस्टर म्युसेन आउफश्टाइगेन’, चॅम्पियन वर गेलाच पाहिजे. इतर लीगमधलेही बरेच क्लब सोबत आलेत. पाचाच्या चार लीग केल्या की प्रश्न मिटला, सगळ्यांना कळतं. पण चार करायच्या तर कुणाच्या तरी शेताचा बांध फोडायचा, आणि तो आपला नको असं प्रत्येकाला वाटतं. बायर्नवाल्यांना स्वतःची लीग हवी, नॉर्डला स्वतःची. पूर्वेकडची लीग मोडून शेजाऱ्यांत वाटली तर तिकडं दंगा होईल. दुसरा मार्ग म्हणजे तिसऱ्या लीगमधून पाच टीम खाली पाठवायच्या. 20 टीमच्या लीगमधून पाच? त्याला वरचे क्लब कशाला हो म्हणतील?

पेठेतला:
एक शेवटची शंका. 2026 च्या प्लेऑफला बायर्नकडून बायर्न म्युनिकची दुसरी टीम आली तर? तिला वर जाता येतं का?

बव्हेरियाकर:
येतं, तिसऱ्या लीगपर्यंत. 2019 ला ते तसेच गेले होते, वोल्फ्सबुर्गच्या दुसऱ्या टीमकडून आधी 1-3 हरून मग घरी 4-1 जिंकून. पुढच्याच वर्षी त्यांनी तिसरी लीगही जिंकली, पण दुसऱ्या टीमला त्याच्या वर जायची परवानगी नाही, म्हणून चॅम्पियन होऊनही तिथंच राहिले.