देवाने क्षमा केली, मग मागचे बोलायचे की नाही?

प्रश्न

माझा धाकटा भाऊ दारूच्या व्यसनातून बाहेर पडला आहे. तो नियमाने ख्रिस्ती मंडळीत जातो आणि प्रार्थनेत त्याला खरोखर शांती लाभते, हे मी पाहते. परंतु नातेवाइकांचे बुडवलेले पैसे किंवा वहिनीने सोसलेला त्रास यांचा विषय निघाला की ‘ख्रिस्तात मी नवी उत्पत्ती आहे, जुने ते होऊन गेले’ असे बायबलचे वचन म्हणून तो उठून जातो. आम्हीही विश्वासणारे आहोत, म्हणूनच विचारते: मोडलेले आयुष्य देव पुन्हा उभे करतो, याचा अर्थ मागच्या गोष्टींवर पडदा टाकायचा असा होतो का?

प्रतिसाद 1

ताई, योहानाच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय भावासोबत बसून वाचावा. येशूचा शिष्य पेत्र याने कोळशांच्या विस्तवाजवळ उभे राहून प्रभूला तीनदा नाकारले होते, आणि पुनरुत्थानानंतर प्रभू त्याच्याशी बोलला तेही किनाऱ्यावरच्या कोळशांच्या विस्तवाजवळ, इतर शिष्यांच्या देखत. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हा प्रश्न त्याने तीनदा विचारला आणि तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, असे योहान स्पष्ट लिहितो. प्रभूने ती जखम टाळली नाही, आणि मेंढरे सांभाळण्याचे कामही त्याच संभाषणात सोपवले. त्यामुळे मागचे काढू नये, या म्हणण्याला या अध्यायात तरी आधार सापडत नाही.

पैशांविषयी जक्कय या जकातदाराचे उदाहरण आहे. येशू आधी त्याच्या घरी उतरला, आणि मग, कोणी मागितले नसताना, त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. मोशेच्या नियमशास्त्रात अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक द्यावा असे सांगितले आहे (गणना 5). चौपटीचा दंड चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले तर होता (निर्गम 22). म्हणजे जक्कय स्वतःला पाचव्या हिश्श्यापेक्षा कितीतरी कडक माप लावून घेतो. ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे उद्गार त्यानंतर येतात.

प्रतिसाद 2

वरील मत बहुतांशी मान्य आहे, मात्र भरपाई ही क्षमेची किंमत होऊ नये, एवढी काळजी घ्यावी. येशूच्या दाखल्यात घर सोडून गेलेल्या उडाऊ पुत्राने परतताना घोकून आणलेले वाक्य पुरे होण्याआधीच पित्याने त्याला मिठी मारली होती. दुसरीकडे, नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला परमेश्वराने पापाची क्षमा केल्याचे सांगितले आणि त्याच दमात मुलाच्या मृत्यूविषयीही सांगितले. क्षमा खरी होती आणि परिणामही टळले नाहीत. भावाला या दोन्ही गोष्टी एकत्र धरता येत नसाव्यात, असे मला वाटते. परिणाम मान्य केले तर क्षमा हातची जाईल, या भीतीने माणूस वचनाआड लपतो.

उडाऊ पुत्राच्या त्याच दाखल्यातला, रागावून बाहेर राहिलेला थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे लूक सांगत नाही. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पिता त्यालाही समजवायला बाहेर आला होता, हे मात्र सहसा विसरले जाते.

प्रतिसाद 3

वहिनींचा निर्णय वेगळा ठेवावा. देवाशी समेट झाला म्हणून पत्नीने ठरावीक मुदतीत विश्वास ठेवलाच पाहिजे, असे कोणत्याही वचनात नाही, आणि मारहाण झालेली असेल तर सुरक्षितता आधी. व्यसनमुक्तीसाठीच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या 1939 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांवर ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीचा प्रभाव होता. आठव्या पायरीत आपण दुखावलेल्या सर्वांची यादी करायची असते आणि नवव्या पायरीत शक्य तिथे भरपाई, परंतु त्याने कोणाला अधिक इजा होणार असेल तर नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. देणी लिहून काढण्याविषयी पाळकांच्या समक्ष त्याच्याशी बोलेन; वहिनीला त्या बैठकीत ओढणार नाही. एक राहिले: मंडळी त्याला तरुणांचा पुढारी नेमू पाहते आहे. हे घाईचे नाही का?

प्रतिसाद 1

घाईचेच आहे. मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा (1 तीमथ्य 3:6) आणि सेवकांचीही आधी पारख व्हावी (3:10), असे प्रेषित पौल लिहितो. तोवर खुर्च्या मांडणे, आजाऱ्यांना भेटणे यांसारखी कामे त्याला द्यावीत, आणि पुढारीपणाचा विचार करण्यापूर्वी ज्यांचे पैसे बुडाले त्यांचे म्हणणे पाळकांनी स्वतः जाऊन ऐकावे.