तिरपा टाइप नसेल तेव्हा ग्रंथनामे कशी दाखवावीत?

रावपुरेकर : बडोद्यातील आमच्या वाचक मंडळाचे मासिक टिपण आता छापले जात नाही, ते साध्या मजकुराच्या रूपात मोबाइलवर पाठवले जाते आणि त्यात तिरपा टाइप मिळत नाही. पुस्तकांची आणि नाटकांची नावे वेगळी दिसावीत म्हणून काही सदस्य त्यांच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोर घालावा म्हणतात, तर काहींना कोणतीच खूण नको आहे. माझ्या मते मराठीत कृतीचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहावे, आणि तेही नाइलाज म्हणून नव्हे.

तिरपा टाइप रोमन लिपीत वाढला. व्हेनिसच्या आल्डस मानुतियसने 1501 साली त्या टाइपात अख्खे पुस्तक छापले. देवनागरीतले तिरपे अक्षर बहुधा सरळ अक्षर यंत्राने कलवून काढलेले असते. कृतीचे नाव एकेरी अवतरणात आणि बोललेले वाक्य दुहेरीत, ही मराठी छपाईची रुळलेली वहिवाट आहे. इंग्रजीत एकेरी चिन्हाची गल्लत अ‍ॅपॉस्ट्रॉफीशी होते. मराठीला ती अडचण जवळजवळ नाही.

खरे कारण मात्र विभक्तीचे आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने 1919 साली प्रथम बडोद्यातच रंगमंचावर आणले, म्हणून तेच उदाहरण घेतो. खूण नसेल तर ‘एकच प्याल्यातील सिंधू’ असे लिहावे लागते, म्हणजे नाटकाचे नावच बदलते. अवतरणचिन्ह असेल तर नाव जसेच्या तसे राहते आणि प्रत्यय चिन्हाबाहेर लागतो.

दांडियाबाजार : आपला विभक्तीचा मुद्दा मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. अवतरणचिन्हांवर आधीच पुष्कळ भार आहे. उद्धृत शब्द, पारिभाषिक संज्ञा, लेखकाला मान्य नसलेला शब्दप्रयोग, हे सारे आपण त्याच चिन्हांत ठेवतो, आणि एका परिच्छेदात चार पुस्तके आली की वाचकाला त्यातले ग्रंथनाम कोणते हे अडखळत शोधावे लागते. शिवाय इंग्रजीत ग्रंथ तिरपा आणि त्यातील कविता अवतरणात, असा भेद राखला जातो. सगळेच अवतरणात गेले तर संग्रह कोणता आणि कविता कोणती हे कसे कळणार? टंकलिखित प्रतीत अधोरेखित केलेला मजकूर छापखान्यात तिरपा होत असे. अंडरस्कोर त्याच परंपरेतला आहे.

मुद्रितशोधक : त्या परंपरेबद्दल एक सांगणे आवश्यक वाटते. अधोरेखन ही खिळे जुळवणाऱ्यासाठी केलेली सूचना होती. वाचकाच्या हाती जाणाऱ्या पानावर ती रेघ उरतच नसे. जी खूण वाचकाने पाहायचीच नव्हती, ती आता त्याच्यासमोर ठेवण्याला परंपरेचा आधार देता येत नाही. देवनागरीत अक्षराखाली उकार, ऋकार आणि हलन्ताची खूण येते, त्यामुळे अधोरेखनही त्यांना छेदते. संदेशाच्या अ‍ॅपमध्ये अंडरस्कोरचे तिरप्या अक्षरांत रूपांतर होते हे खरे, पण मिटणाऱ्या अंडरस्कोरला लगेच ‘त’ किंवा ‘चा’ चिकटला की ते पुष्कळदा होत नाही आणि उघड्या रेघा मजकुरात राहतात. मराठीत नावाला प्रत्यय लागणे हा नित्याचाच प्रकार आहे, अपवाद नव्हे.

रावपुरेकर : ग्रंथ आणि त्यातील भाग यांचा भेद महत्त्वाचा आहेच, पण तो चिन्हाने दाखवण्यापेक्षा शब्दाने सांगणे मराठीला अधिक मानवते. ‘केशवसुतांची ‘तुतारी’ ही कविता’ असे लिहिले की शंका उरत नाही, आणि ज्याने केशवसुत वाचलेले नाहीत त्यालाही नेमके कळते. तिरपे अक्षर एवढे सांगू शकत नाही. ती कादंबरी, नाटक की मासिक, हे वाचकाला आधीच ठाऊक असावे लागते.

ग्रंथसूची : दोन अपवाद नोंदवून ठेवावेत. ज्ञानेश्वरी, गीता, महाभारत या नावांना चिन्हाची गरज नाही, कारण त्यांचा दुसरा अर्थ कोणी घेणार नाही. ‘केसरी’ मात्र रंगही आहे आणि 1881 साली निघालेले वृत्तपत्रही, तेथे चिन्ह हवेच. आणि जेथे एका ओळीत एकच पुस्तक अशी नुसती यादी असते, तेथे चिन्हे केवळ गर्दी करतात. चिन्हांच्या बाजूने मी आणखी एक कारण देईन: जुन्या टिपणांत शोध घेताना ‘एकच प्याला’ असे टाइप केले तर ‘एकच प्याल्यात’ असे लिहिलेली नोंद सापडत नाही.

दांडियाबाजार : अंडरस्कोरचा आग्रह मी सोडतो. तरीही ‘प्रत्यय चिन्हाबाहेर’ हा नियम मला सरसकट मान्य नाही. आमच्या मंडळातील काही ज्येष्ठांना हे टिपण घरची माणसे वाचून दाखवतात, आणि ‘एकच प्यालात’ हे कानाला सरळ चुकीचे लागते; चिन्ह ऐकू येत नाही. अशा ठिकाणी ‘एकच प्याला’ या नाटकात, असेच लिहिले पाहिजे.

रावपुरेकर : सामान्यरूपात ज्यांचे रूप बदलते त्या नावांसाठी ही सूचना मी स्वीकारतो आणि पुढच्या टिपणापासून तसे लिहीन. परंतु ‘केसरी’त किंवा ‘ययाति’त लिहिताना कानाला काही खटकत नाही, तेथेही प्रत्येक वेळी ‘या वृत्तपत्रात’, ‘या कादंबरीत’ जोडत गेलो तर आठ ओळींचा परिचय विनाकारण लांबेल. तेवढ्यापुरता माझा प्रत्यय चिन्हाबाहेरच राहील.